घाटापलीकडचा दवाखाना : शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय

क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये शिरवळ येथे सुरू झाले. सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नीरा नदीकाठी, पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळ आहे. वाईकरांना सुरूर फाट्यावरून खंबाटकी घाट ओलांडून तिथे जावे लागते. ज्यांचे नाव महाविद्यालयाला दिले आहे ते नाना पाटील वाळवे तालुक्यातील येडे मच्छिंद्रचे. त्यांनी १९४३ पासून ब्रिटिशांविरुद्ध प्रतिसरकार चालवले, तेव्हा आजचा सांगली जिल्हा साताऱ्यातच मोडत होता. महाविद्यालय सुरुवातीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे होते. पुढे २००० मध्ये नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातील इतर पशुवैद्यकीय महाविद्यालयांबरोबर तेही या विद्यापीठाकडे आले.

पशुवैद्यकाचे संघटित शिक्षण जगात १७६१ मध्ये फ्रान्समधील लियों येथे सुरू झाले. बुळकांडी या साथीच्या रोगाने युरोपातील गुरे मरत असताना क्लोद बुर्जला याने तिथे पहिली शाळा काढली. मुंबईत आधी दवाखाना आला, मग महाविद्यालय. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या रुग्णालयाला जोडून १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था १८८९ मध्ये पुण्यात जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली होती. ती १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. ज्या बुळकांडीमुळे या शिक्षणाची सुरुवात झाली, तिचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली.

गावचा दवाखाना आणि महाविद्यालयाचा दवाखाना

ग्रामीण महाराष्ट्रात जनावर आजारी पडले की पहिली धाव गावच्या किंवा शेजारगावच्या सरकारी दवाखान्याकडे असते. श्रेणी एकचा दवाखाना पदवीधर डॉक्टर चालवतो, तर श्रेणी दोनच्या दवाखान्याचा रोजचा कारभार पशुधन पर्यवेक्षक पाहतो. त्यापुढे तालुक्याची आणि जिल्ह्याची सर्वचिकित्सालये येतात. अलीकडे १९६२ या क्रमांकावर फोन केल्यास फिरते पथकही येते. या साखळीत महाविद्यालयाचे चिकित्सालय संकुल शेवटच्या टप्प्यावर असते. निदान न झालेले, उपचाराला दाद न देणारे किंवा मोठी शस्त्रक्रिया लागणारे जनावर टेम्पोत घालून तिथे आणतात.

भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या नियमांनुसार अशा संकुलात औषधोपचार, शल्यचिकित्सा व क्ष-किरण, आणि प्रजनन व प्रसूती असे तीन विभाग एकत्र काम करतात. जोडीला रोगनिदान प्रयोगशाळा आणि गावोगावी जाणारा फिरता दवाखाना असतो. बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. ही पदवी साडेपाच वर्षांची आहे. तिचे शेवटचे पूर्ण वर्ष आंतरवासितेचे असते आणि त्यातला बराच काळ विद्यार्थी या संकुलात काढतात.

तपासणीचा क्रम

केसपेपर निघाला की विद्यार्थी आधी मालकाशी बोलतो. जनावर रवंथ कधीपासून करत नाही, शेण कसे पडते, दूध किती लिटरने घटले, रेतन कधी झाले, चाऱ्यात काय बदल केला, या प्रश्नांच्या उत्तरांतच अर्धे निदान असते. मग जनावर खोड्यात घेतात. गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली की कोटीपोटाची हालचाल हाताला कळते. निरोगी गाईत ती मिनिटाला एक-दोन वेळा होते. ती मंदावली तर पचन बिघडले आहे, हे यंत्राशिवाय समजते. डोळ्यांची अंतस्त्वचा, हिरड्या, लसिकाग्रंथी आणि कास पाहून झाल्यावरच रक्त, दूध किंवा शेणाचा नमुना प्रयोगशाळेत जातो.

संकरित गाय आणि गोचीड ही जोडी प्रयोगशाळेला सतत कामाला लावते. होल्स्टीन फ्रिजियन व जर्सी संकरामुळे दूध वाढले. मात्र गोचिडांमार्फत पसरणाऱ्या थायलेरिया या रक्तातील परजीवीपुढे या गाई देशी गाईंपेक्षा दुबळ्या ठरतात. जोरदार ताप आणि सुजलेल्या लसिकाग्रंथी पाहून शंका येते आणि काचपट्टीवर रंगवलेला रक्ताचा थेंब तिची खात्री करून देतो. कासदाहात दुधातील जीवाणू वाढवून कोणते प्रतिजैविक त्यावर चालते, हे आधी पाहता येते. अंदाजाने दिलेल्या प्रतिजैविकांमुळे जीवाणू दाद देईनासे होतात. शिवाय औषधाचा अंश दुधात उतरत असल्याने ठरावीक दिवस ते दूध डेअरीला घालता येत नाही, हेही शेतकऱ्याला सांगावे लागते.

तार आणि फळी

गाय ओठांनी चारा निवडत नाही. वैरणीबरोबर तार, खिळे, प्लॅस्टिक सगळे पोटात जाते. जड वस्तू पोटाच्या जाळीपोट या कप्प्यात पडते. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये श्वासपटलाचा पातळ पडदा आणि काही सेंटिमीटर अंतर एवढेच असते. जाळीपोट आकुंचन पावताना टोकदार तार पुढे सरकते आणि पडद्यातून हृदयावरणात शिरते. अशी गाय उतारावरून चालायला नाखूश असते, कण्हते आणि पुढे तिच्या मानेखालच्या पोळीला सूज येते. सूज येण्याआधी निदान झाले तर डाव्या भकाळीवर छेद देऊन कोटीपोटातून हात घालून तार काढता येते. ही शस्त्रक्रिया बहुधा जागेवर भूल देऊन, जनावर उभे ठेवूनच करतात, कारण रवंथ करणारे जनावर आडवे राहिले की पोटात वायू साठतो आणि अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. हृदयाला इजा झाल्यावर मात्र शस्त्रक्रियेचा फारसा उपयोग होत नाही.

अडलेल्या म्हशीत गर्भाशयाला पीळ पडणे हे भारतात नेहमी दिसणारे कारण आहे आणि पीळ बहुतेक वेळा उजवीकडे असतो. त्यावरचा उपाय चाकूविना होतो. म्हशीला पीळ असलेल्या कुशीवर निजवतात, पुढचे आणि मागचे पाय वेगवेगळे बांधतात आणि वर आलेल्या कुशीवर लांब फळी टेकवतात. फळीचे दुसरे टोक जमिनीवर असते आणि तिच्यावर एक जण उभा राहतो. मग सगळे मिळून म्हशीला पिळाच्याच दिशेने लोळवतात. फळीने गर्भाशय दाबून धरलेले असते. शरीर फिरून त्याच्या रेषेत येते आणि पीळ सुटतो. योनीमार्गातून हात घालून तपासल्यावर वाट मोकळी झालेली कळते. दोन-चार प्रयत्नांत पीळ सुटला नाही किंवा उशीर झालेला असला, तर पोट फाडून रेडकू काढावे लागते. ही पद्धत पुस्तकात एका परिच्छेदात संपते. फळीवर किती भार द्यायचा आणि दोर कधी ओढायचा, हे मात्र तिथे उभे राहूनच शिकता येते.

परिसराचे आजार

चिकित्सालयात काय येते हे भोवतालची शेती ठरवते. वाई तालुक्यात भुईंजला किसन वीर साखर कारखाना आहे. कृष्णाकाठी ऊस मोठा आणि तोडणीच्या हंगामात जनावरांपुढे वाढे पडतात. वाढ्यांतील ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. आधीच भरपूर दूध देणाऱ्या गाईला त्याची तूट जाणवते. व्याल्यावर दुग्धज्वराने बसलेली गाय शिरेतून कॅल्शियम दिल्यावर बऱ्याचदा काही तासांत उठते. पण खनिज मिश्रण आणि इतर हिरवा चारा यांची जोड दिली नाही तर दुखणे पुढच्या वेताला परत येऊ शकते.

पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी हा खिलार बैलांचा टापू. इकडे वाईजवळच्या बावधनच्या यात्रेत बगाडाचा रथ बैलच ओढतात आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर बैलगाडा शर्यतीही पुन्हा सुरू झाल्या. या बैलांत खांदेसूज, खुरांच्या जखमा आणि लंगडणे पाहावे लागते. मेंढपाळांच्या कळपांत पीपीआर हा विषाणूजन्य रोग, जंत आणि खुरांचे आजार येतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गॅरोल मेंढीतील जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जुळी देणारी मेंढी तयार केली. जुळी वाढवणाऱ्या मेंढीला गाभणकाळाच्या अखेरीस जास्त खुराक लागतो, नाहीतर ऊर्जेच्या तुटवड्याने ती आजारी पडते. म्हणजे पैदाशीतील सुधारणेबरोबर आहाराचा सल्लाही द्यावा लागतो.

साथीत दवाखान्याचे काम आवाराबाहेर जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यापासून राज्यात लम्पी त्वचारोग पसरू लागला. डास, माश्या, गोचीड यांच्यामार्फत फिरणाऱ्या या विषाणूमुळे गुरांचे बाजार आणि शर्यती बंद ठेवाव्या लागल्या. शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचण्याची मोहीम राज्यभर झाली आणि आंतरवासिता करणारे विद्यार्थीही तिच्यात उतरले.

मर्यादा

शिक्षणासाठी विद्यार्थ्याच्या हाताखालून जनावरे जावी लागतात, पण मालकासाठी प्रत्येक जनावर पोटापाण्याचा प्रश्न असते. म्हणून हात घालून गाभण तपासण्यासारखी कौशल्ये आधी महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावरील जनावरांवर शिकवतात आणि आलेल्या रुग्णावर विद्यार्थी शिक्षकाच्या देखरेखीखालीच काम करतो. दुसरी अडचण अंतराची आहे. बसलेली गाय किंवा अडलेली म्हैस घाट ओलांडून नेणे खर्चाचे असते आणि कधीकधी जीवावरचेही. फिरता दवाखाना ही उणीव थोडी भरून काढतो. ती खऱ्या अर्थाने भरते ती इथून शिकून गेलेला डॉक्टर गावच्या दवाखान्यात रुजू झाल्यावर, कारण तारेची शंका वेळीच येणे आणि पीळ जागेवरच सोडवता येणे यावरच बहुतेक जनावरांचा जीव अवलंबून असतो.