डाग पुसला, दुखणे नाही

मेंदूच्या एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली, की त्यातला पांढरा डाग आपल्यासारख्या अडाण्यालाही दिसतो. तो कशाचा, हे मात्र दिसत नाही.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. क्वचित तो शरीरात इतरत्र कुठेही न आढळता थेट मेंदूतच उद्भवतो. त्याच्या गाठीत पेशी इतक्या दाटीवाटीने बसलेल्या असतात, की पाण्याच्या रेणूंना हलायला जागा उरत नाही. एमआरआयच्या ‘डिफ्यूजन’ चित्रात त्यामुळे ती चमकते. शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध दिले की बहुधा सगळीकडे सारखीच उजळते. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पुलावरून ती पलीकडे गेली, तर पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दिसते.

पण असे फुलपाखरू ग्लायोब्लास्टोमा या दुसऱ्या कर्करोगातही दिसते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णात लिम्फोमा अनेकदा नुसत्या उजळ कड्यासारखा दिसतो. तसेच कडे टॉक्सोप्लाझ्मोसिसचे आणि आपल्याकडे क्षयाच्या गाठीचेही असते. बँकेत आम्ही सही नमुन्याशी ताडून पाहत असू. इथे एकाच नमुन्याच्या सह्या करणारे अनेक! म्हणून चित्राने संशय घ्यायचा आणि निकाल बहुधा सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीने द्यायचा.

खरी परीक्षा असते ती या मधल्या दिवसांत. एका स्नेह्यांच्या घरी मी ती पाहिली. वहिनींना डोकेदुखी सोसवेना, मुलगा डॉक्टरांना विनवत होता, “सूज उतरवायला स्टिरॉइड आजच द्या ना!” डॉक्टर म्हणाले, “दोन दिवस कळ काढा.” मुलाला ते निष्ठुर वाटले. पण स्टिरॉइड लिम्फोमाच्या पेशीच मारते. गाठ काही दिवसांत विरते, कधी चित्रातून नाहीशी होते. मग तुकड्यात पुरावा सापडत नाही. पुढे मात्र ती बहुधा परतते. डॉक्टर तिला ‘भुताची गाठ’ म्हणतात. अर्थात सुजेने जिवावरच बेतले, तर ते स्टिरॉइड द्यायला थांबत नाहीत.

ही वाट पाहणे वाया जात नाही. कारण इतर अनेक गाठींप्रमाणे ही सहसा कापून काढत नाहीत. मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रेवर उपचारांची मदार असते, आणि अनेकांना त्याचा गुण येतो. नाव अचूक कळले, तरच औषध अचूक मिळते. घरच्यांनी अशा वेळी एवढेच विचारावे, “तुकडा आधी घ्यायचा, की स्टिरॉइड?” आणि उत्तर ‘थांबा’ असे आले, तर रुग्णाचा हात हातात घेऊन थांबावे.