मुळशीचा सत्याग्रह आणि जनसुरक्षेचें विधेयक

मुळशीच्या धरणावर पावसाळ्यांत सहलीस जाणारे आमचे वाचक पुष्कळ आहेत. मुळा व निळा ह्या नद्यांच्या संगमापाशीं अडविलेलें पाणी पाहून त्यांस आनंद होतो, तो स्वाभाविकच आहे. परंतु त्या पाण्याखालीं मावळ्यांचीं घरें व भातखाचरें गेलीं आहेत, आणि तीं वांचवावीं म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, तेथें सत्याग्रह सुरू झाला होता, ह्याचें स्मरण किती जणांस राहतें? टाटा कंपनीस मुंबईच्या गिरण्यांसाठीं वीज निर्माण करावयाची होती. जमीन मिळवून देण्यास १८९४ चा भूसंपादनाचा कायदा सज्ज होता. सेनापति बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींनीं खेडुतांस सांगितलें तें इतकेंच कीं, हा कायदा अन्यायाचा आहे, तो मानूं नका. लोक बायकामुलांसह कामावर जाऊन बसले व तुरुंगांत गेले. पुढें १९२४ सालीं बापटांनीं आगगाडी हत्यारानिशीं अडविली व सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. त्या कृत्याची भलामण आम्ही करीत नाहीं. आम्ही बोलतों तें १९२१ विषयीं. त्या वेळीं सत्याग्रही मार खाणारे होते, मारणारे नव्हते.

हें स्मरण करण्याचें कारण असें कीं, १० जुलै २०२५ रोजीं विधानसभेनें व दुसऱ्या दिवशीं विधानपरिषदेनें महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केलें. गडचिरोलीच्या जंगलांतील रक्तपात आम्हांस ठाऊक आहे. बंदूक घेऊन हिंडणाऱ्यास शिक्षा होऊं नये असें कोण म्हणेल? पण ह्या विधेयकांतील 'बेकायदेशीर कृत्या'ची व्याख्या वाचकांनीं एकदां वाचावी. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणें किंवा तसा उपदेश करणें हेंहि तींत बसविलें आहे! मग बापट-भुस्कुट्यांनीं मुळशींत दुसरें काय केलें होतें? संघटना बेकायदा ठरविणार सरकार. गुन्हा जामीन न मिळण्याजोगा. शिक्षा सात वर्षांपर्यंत. सल्लागार मंडळाची तरतूद आहे, ती आम्ही लपवीत नाहीं. परंतु त्या मंडळाची नेमणूकहि सरकारनेंच करावयाची.

बारा हजारांवर सूचना व हरकती आल्या असतां सभागृहांत काय झालें? नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकींत २८८ पैकीं सुमारें २३० जागा सत्ताधारी आघाडीस मिळाल्या होत्या. विरोधकांत कोणत्याहि एका पक्षापाशीं दहावा हिस्सा नव्हता, म्हणून विरोधी पक्षनेत्याचें आसन रिकामेंच होतें. राज्य नांवाला तीन पक्षांचें, पण विधेयक आलें तेव्हां सभागृह एकाच पक्षाचें असल्यासारखें वागलें. विधानसभेंत ठाम विरोध करणारा सभासद निघाला तो एक, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा. बाकीच्यांची वाचा कोठें गेली होती? १९७५ सालीं मिसाखालीं माणसें कोंडलीं तेव्हां दिल्लींत व मुंबईंत काँग्रेसचेंच राज्य होतें, हेंहि आम्ही विसरलों नाहीं.

इकडे मुळशी तालुक्याची पंचायत समिती मुदत संपून मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हातीं गेली, आणि २०२५ साल सरलें तरी तेथें लोकांनीं निवडलेला सभासद बसला नव्हता. ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घ्या म्हणून बजावावें लागलें. गाऱ्हाणें सांगावयास निवडलेला माणूस नव्हता, आणि रस्त्यावर बसावें तर ही व्याख्या!

आमच्या व्यापारी वाचकांस हें दूरचें वाटेल. १९२१ सालींहि तसेंच वाटलें होतें. मुळशींतील कित्येक जमिनी पुण्याच्या सावकारांच्या होत्या. मोबदला पटतांच ते बाजूस झाले, आणि कूळ मात्र उघड्यावर पडलें. पण २०१३ सालीं स्थानिक संस्था कराविरुद्ध पुण्याच्या पेठांतून दुकानें बंद राहिलीं होतीं. त्या वेळीं 'हा कर भरूं नका' असें एखाद्या व्यापारी मंडळाच्या सभेंत कोणी म्हटलें असतें, तर ह्या विधेयकाच्या शब्दांखालीं त्यास काय म्हणावें? सरकार म्हणेल, तुमच्यासाठीं तें नाहींच. मग तसें स्पष्ट लिहावें, आणि अवज्ञेच्या उपदेशाचें तें वाक्य व्याख्येंतून काढून टाकावें, एवढीच आमची मागणी आहे.