शालेय बास्केटबॉलचे पंच : एका अवघड सेवेची ओळख

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव प्राचीन मंदिरे आणि उंच कोरीव दगडी स्तंभ यांमुळे अभ्यासकांना परिचित आहे. मराठवाड्यातील अशा गावांत मुलांचे बालपण कबड्डी आणि खो-खोच्या मातीत जाते. कबड्डीत पकड हाच पराक्रम मानला जातो. बास्केटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याला धरणे हा दोष ठरतो. म्हणूनच कबड्डीवर वाढलेला मुलगा शालेय स्पर्धेत प्रथमच बास्केटबॉल खेळू लागला, की त्याची खरी गाठ पंचाच्या शिट्टीशी पडते. आपण काय चुकलो, हेच त्याला उमगत नाही.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने निर्माण केला. हिवाळ्यात बंदिस्त सभागृहात खेळता यावा आणि त्यात धसमुसळेपणा नसावा, ही त्यामागील गरज होती. त्याने लिहिलेल्या १३ नियमांत दोन अधिकारी नेमले होते. एकाने खेळाडूंच्या वर्तनावर लक्ष ठेवायचे, दुसऱ्याने चेंडूवर. धक्का देणे, धरणे, पाडणे या गोष्टींना पहिल्या दिवसापासूनच मनाई होती. पंच ही या खेळात मागाहून आलेली व्यक्ती नाही. खेळाबरोबरच तिचा जन्म झाला आहे.

आज मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. शालेय सामन्यात बहुधा दोनच पंच असतात. एक बास्केटजवळ अंतिम रेषेबाहेर उभा राहतो, दुसरा चेंडूच्या मागून येतो. चेंडूचा ताबा बदलताच दोघांच्या भूमिका बदलतात. नियमभंग झाला तर शिट्टीबरोबर उघडा तळवा वर जातो, फाऊल झाला तर मिटलेली मूठ. त्यानंतर गुणलेखकाच्या मेजाकडे वळून खेळाडूचा क्रमांक, फाऊलचा प्रकार आणि दंड हातांच्या खुणांनी सांगावा लागतो. पाचवा फाऊल झालेल्या खेळाडूला मैदान सोडावे लागते. चौदा वर्षांच्या मुलाला बाहेर जाण्याची खूण करणे हे वयस्क पंचालाही सोपे जात नाही.

सर्वांत कठीण निर्णय शरीरस्पर्शाचा. नियमांनुसार प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक दंडगोल असतो आणि तेवढी जागा त्याची असते. बचाव करणारा आपल्या जागी आधीच सरळ उभा असेल आणि चेंडू घेऊन धावणारा त्याच्या छातीवर आदळला, तर दोष धावणाऱ्याचा. बचाव करणारा ऐन वेळी आडवा सरकला, तर दोष त्याचा. चारठाण्याच्या मुलांना हे समजावणे त्या मानाने सोपे असावे : गावातल्या स्तंभावर कोणी धावत जाऊन आदळले, तर स्तंभाला कोण बोल लावणार? पंचाला मात्र हे सारे क्षणार्धात, धावता धावता ठरवायचे असते. चुकलेला निर्णय नंतरच्या सामन्यांतही त्याच्या मनात रेंगाळतो.

त्याहून नाजूक प्रश्न वेगळाच आहे. मैदानावरील कोणत्याही संघाशी पंचाचा संबंध नसावा, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत मात्र शिट्टी अनेकदा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्याच हाती असते आणि त्यांतील कित्येक जण आपापल्या शाळेचे संघ घेऊन आलेले असतात. सकाळी शेजारच्या शाळेचा सामना सोडवायचा आणि दुपारी त्याच शाळेविरुद्ध आपला संघ उतरवायचा, अशी वेळ येते. प्रेक्षकांच्या मनात शंका येण्यास एवढे पुरते. काही जण या भीतीने ओळखीच्या मुलांनाच अधिक कठोर दंड देतात. तोही अन्यायच, आणि तो त्या मुलांना कोणी समजावूनही सांगत नाही.

पालकांचे वर्तन हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. बाजूच्या रेषेवरून पंचावर ओरडणारा बाप आपल्या मुलाला पराभवाचे एक तयार कारण देत असतो. तरुण पंच बहुतेकदा नियम कठीण वाटतात म्हणून शिट्टी खाली ठेवत नाहीत. हा आरडाओरडा ऐकून ठेवतात. मग जिल्ह्याला प्रशिक्षित पंच मिळत नाहीत, शिक्षकांवरील भार वाढतो आणि शंकाही वाढतात. शाळा सोडलेल्या खेळाडूंना पंचांच्या प्रशिक्षणाकडे वळवणे हा यावरील एक व्यवहार्य उपाय आहे. पुण्याच्या स्नेहल बेंडके या आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता मिळवणाऱ्या भारतातील पहिल्या महिला बास्केटबॉल पंच. मराठी मुलींना ही वाट अपरिचित राहिलेली नाही. शालेय स्पर्धांत मुलींचे संघ उतरतात. त्यांच्या सामन्यांना महिला पंच मिळाव्यात, ही अपेक्षा अवास्तव नाही.

पंचांचा अधिकार सामन्यापूर्वी २० मिनिटे मैदानावर येताच सुरू होतो. सामना संपल्यावर गुणपत्रकावर मेजावरील अधिकारी सह्या करतात आणि सर्वांत शेवटी मुख्य पंच. त्या सहीबरोबर पंचांचा त्या सामन्याशी असलेला संबंध नियमानेच संपतो. मग शिट्टी खिशात ठेवून हा शिक्षक आपल्या शाळेची मुले मोजून एसटीत बसवतो. दुसऱ्या दिवशी पहिला तास त्याचाच असतो.