आधी श्रवण, मग संभाषण

‘श्रावक’ म्हणजे ऐकणारा. ज्या समाजाने आपल्या गृहस्थाला हे नाव दिले, त्याला श्रवणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तरीही सातारा-सांगलीहून पुण्यास शिकावयास गेलेली आपली कित्येक मुले फ्रेंचच्या लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवितात आणि बोलण्याची वेळ आली की मूक होतात. परदेशी शिक्षण किंवा निर्यात-व्यापार मनात असणाऱ्यास हे परवडणारे नाही. ‘डेल्फ’ परीक्षेच्या बी-१ या मध्यम पातळीवर १०० पैकी ५० गुण श्रवण व संभाषणाचेच असतात. त्यांपैकी एकाही विभागात २५ पैकी ५ हून कमी गुण पडले, तर बेरीज कितीही असो, उमेदवार अनुत्तीर्ण ठरतो.

खरी अडचण कानाची आहे. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचे व्यंजन बहुधा उच्चारले जात नाही. पण पुढे स्वर आला की ते पुष्कळदा जागे होते. ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’, म्हणजे ‘मित्र’ हे अनेकवचन, ऐकू येते. जिन आणि इंद्र यांचा ‘जिनेंद्र’ होतो हे जाणणाऱ्यास संधी नवी नाही. येथे ती कानाने ओळखावयाची असते. संख्यांचेही तसेच. फ्रान्समध्ये ऐंशीला ‘चार विसा’ म्हणतात आणि सत्त्याण्णवला ‘चार विसा सतरा’. आपल्याकडील जुनी माणसेही विसांनी मोजत असत.

वर्गासाठी स्वाध्यायाचे पाच प्रकार उत्तम मार्गदर्शक ठरतात. वाचना : दोन मिनिटांचा ध्वनिमुद्रित संवाद तीनदा ऐकावा, प्रथम विषयासाठी, मग तपशिलासाठी, शेवटी लिखित पाठ समोर ठेवून. पृच्छना : न समजलेले फ्रेंचमध्येच विचारावे. अनुप्रेक्षा : शब्दच अपरिचित होता, की परिचित शब्द संधीत हरवला, याचा विचार करावा. आम्नाय : ध्वनिमुद्रणाबरोबर तीच वाक्ये शुद्ध उच्चारात पुनःपुन्हा म्हणावीत. धर्मोपदेश म्हणजे इतरांस सांगणे : ऐकलेले शेजारच्या विद्यार्थ्यास स्वतःच्या शब्दांत सांगावे.

यापुढची पायरी व्यवहाराची. एकाने सांगलीच्या हळदीचा व्यापारी व्हावे, दुसऱ्याने फ्रेंच खरेदीदार. भाव, वजन व मुदत ऐकूनच टिपावी आणि शेवटी दोघांची टिपणे ताडून पाहावीत. शिक्षकांनी प्रत्येक चुकीस मध्येच अडवू नये. चुका टिपून सौदा संपल्यावर सांगाव्यात. बोलणाऱ्याचा धीर टिकतो तो यामुळेच.

पेढीवर नव्याने बसलेल्या मुलास आपले वाडवडील आधी गिऱ्हाइकाचे बोलणे नीट ऐकावयास लावीत. भाव सांगण्याची पाळी नंतर येई. परभाषेचाही क्रम हाच आहे.