बशीखालची चंद्रकोर

इंग्लंडात आलं की प्रत्येकाला काही ना काही छंद जडतोच. कुणाला बागेचा, कुणाला क्रिकेटचा. आम्हां दोघांना जडला जुन्या इंग्लिश कपबशांचा! रविवारी सकाळी कार बूट सेल गाठायचा, कप उजेडाकडे धरायचा, उलटा करून तळाची खूण वाचायची. ‘इंग्लंड’ असं छापलेलं असेल तर कप बहुधा १८९१ नंतरचा. त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं.

एका उन्हाळ्यात पुण्याहून मुलांच्या आजी आल्या. आम्ही कौतुकाने ठेवणीतला सेट काढला. आजींनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, दोन घोट घेतले. तेवढ्यात धाकट्याने एक रिकामा कप उलटा करून मोठ्याने वाचलं, “बोन चायना! आजी, बोन म्हणजे हाड!”

आजींनी बशी खाली ठेवली. “खरं का हे?”

थाप मारता आली असती. पण खरं तेच सांगितलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोडने हे मिश्रण बसवलं. त्यात जवळजवळ निम्मी जनावरांच्या हाडांची राख. बाकी कॉर्नवॉलची पांढरी माती आणि दगड. तो शुभ्रपणा त्या राखेचाच.

आजी उठल्या, चूळ भरून आल्या. पुढे महिनाभर चहा स्टीलच्या भांड्यातून घेतला. रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. आम्हांला सगळं ठाऊक होतं. विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

मग शोध सुरू झाला. वुस्टरच्या कारखान्यात १७५१ पासून हाडाऐवजी सोपस्टोन, म्हणजे आपलं शंखजिरं, घालत. उकळता चहा ओतला तरी ही भांडी तडकत नसत. तळाला बरेचदा निळी चंद्रकोर असते. ही खूण इतरांनीही उचलली, म्हणून नुसत्या खुणेवर विसंबू नये. अखंड नग आमच्या खिशाला परवडेना. शेवटी टवका उडालेली एक बशी मिळाली. चांगली खोलगट! तेव्हा इंग्रजसुद्धा बशीत ओतून चहा पीत.

पुढच्या खेपेला ती आजींपुढे ठेवली. त्यांनी चंद्रकोर निरखून पाहिली आणि हसल्या. “टवका उडालेली बशी कुणी पाहुण्यापुढे ठेवतं का?” आणि स्टीलचं भांडं मागितलं!

बशी आता शोकेसमध्ये आहे. आणि चहा ओतण्याआधी आम्ही प्रत्येक पाहुण्याला विचारतो. मंडळी, तुम्हीही विचारत जा.