उसाच्या हंगामापूर्वी ट्रॅक्टरच्या ब्रेकची तपासणी

शेतात काम करणाऱ्या ट्रॅक्टरचा वेग मंद असतो. त्यामुळे ब्रेकमधील दोष तेथे सहसा ध्यानात येत नाही. तोच ट्रॅक्टर उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढीत उतारावर आला, म्हणजे मात्र हा दोष प्राणघातक ठरतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतात. सबंध ओझे थोपविण्याचा भार ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांवरच पडतो. म्हणून गाळपाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने पुढील तपासणी अवश्य करावी.

ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी निरनिराळी पेडले असतात. शेतात वळताना एकच पेडल दाबणे सोयीचे असते. परंतु रस्त्यावर वेगात असताना एकच चाक अडले, तर ट्रॅक्टर त्या बाजूस ओढला जाऊन उलटण्याचा संभव असतो. म्हणून शेताबाहेर पडण्यापूर्वी दोन्ही पेडले कडीने जोडावीत. कडी झिजलेली असल्यास ती बदलावी.

नंतर दोन्ही पेडले हाताने दाबून पाहावीत. ब्रेक लागण्यापूर्वी पेडल जितके मोकळे खाली जाते, ते अंतर दोन्हीकडे सारखे व यंत्रासोबतच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे असावे. तेलावर चालणाऱ्या ब्रेकचे पेडल लिबलिबीत लागल्यास नळीत हवा शिरली आहे, असे समजावे. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. भलत्या तेलाने आतील रबरी भाग फुगून निकामी होतात.

यानंतर ट्रॉली सोडून, सपाट, कोरड्या व निर्मनुष्य जागी ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर चालवावा आणि जोडलेली पेडले दाबावीत. ट्रॅक्टर सरळ रेषेत थांबला पाहिजे. तो एका बाजूस ओढला गेल्यास, किंवा एकाच चाकाचा घसरल्याचा माग उमटल्यास, दोन्ही ब्रेक सारखे लागत नाहीत हे उघड आहे. अशा वेळी कारागिराकडून दुरुस्ती करून घ्यावी. चिखलणीनंतर काही ट्रॅक्टरांचे ब्रेक ओले होऊन नीट लागत नाहीत. पेडले हलकेच दाबीत थोडे अंतर चालवून ते सुकवावेत.

ब्रेक उत्तम असले, तरी वेगाला मर्यादा हवीच. वेग दुप्पट झाला, म्हणजे ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगात, चालकाचा पाय पेडलवर जाण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यातच ट्रॅक्टर ८ मीटर पुढे जातो. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. इंधन वाचविण्याच्या मोहाने गिअर काढून गाडी कधीही सोडू नये; तसे केल्याने इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो आणि मागचे ओझे ट्रॅक्टरला पुढे ढकलते.

सदोष वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० अन्वये गुन्हा आहे. परंतु दंडाच्या भीतीपेक्षा मोठे कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. उसावर तोडणी कामगारांची मुले बसलेली आपण पाहतो. त्यांना तेथे बसू देऊ नये, हे प्रथम कर्तव्य होय.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हंगामापूर्वी गावातील सर्व चालकांना एकत्र बोलावून ही चाचणी समक्ष करून दाखवावी. अर्ध्या तासाचे हे काम एखाद्या घराचा आधार राखील.