मनुक्यांची बाटली आणि संसदेतला कायदा

इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या अंगणवाडीत आरोग्य पथक येतं, तेव्हा त्यांच्या सामानात काय काय असतं? खुळखुळा, घंटी, बॅटरी, रंगीत लोकर, एक इंची ठोकळे आणि मनुके घातलेली छोटी बाटली. एवढ्याशा वस्तूंनी बाळाच्या मेंदूची वाढ जोखता येते! मनुका चिमटीत धरायचा तर नजर, बोटं आणि इच्छा यांची एकाच क्षणी गाठ पडावी लागते. बहुतेक बाळांना वर्षाच्या आसपास हे साधतं. लोकरीमागे नजर फिरणं तर त्याच्या कितीतरी आधी.

हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३मध्ये तो आपल्याच पालघरहून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. मान धरायला, बसायला, बोलायला उशीर होतोय का, हेही त्यात पाहतात. घाई एवढ्यासाठी, की पहिल्या काही वर्षांत मेंदू झपाट्याने नवी जोडणी करत असतो. तेव्हा सुरू केलेले उपचार सर्वांत जास्त लागू पडतात.

शंका आली की एकेक माणूस पुढे येतो. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक. बारामतीत २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे तालुक्याच्या गावीच डॉक्टर घडू लागले आहेत. विशेष शिक्षक व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते.

याच साखळीचं दुसरं टोक संसदेत आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, स्वमग्नतेचं नावही नव्हतं. पालक आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षं झगडले. १९९९मध्ये स्वमग्नता असलेल्यांनाही सामावून घेणारा राष्ट्रीय न्यास कायदा आला आणि २०१६च्या कायद्याने यादी एकवीसवर नेली. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता त्यात आल्या. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणात बौद्धिक अक्षमता असलेल्यांनाही वाटा मिळाला. आईबापांच्या हट्टातून देशाचा कायदा बदलतो, याहून थक्क करणारं काय असेल?

तरी काम उरलंच आहे. गळीत हंगामात बारामती-इंदापूरच्या फडांवर ऊसतोड कुटुंबं येतात. त्यांची लेकरं गावाकडच्या अंगणवाडीतून निघालेली आणि इथल्या यादीत न चढलेली, अशी मधल्यामध्ये सुटू शकतात. कोप्यांवर जाऊन त्यांना शोधणं, नोंद पुढच्या तालुक्याला कळवणं, त्यासाठी नियम आणि पैसा मागणं, हेसुद्धा बालविकास आणि पुनर्वसनाच्या याच क्षेत्रातलं काम आहे.

बारावीनंतर काय, असा प्रश्न पडलेल्या मुलामुलींनी या वाटेचा जरूर विचार करावा. आणि घरात तान्हं बाळ असेल, तर पथक कधी येणार हे अंगणवाडीताईंना आजच विचारा.